होडी किती वीज ओढते?

दीड हात लांबीच्या खेळण्यांतल्या होडीस वीज ती कितीशी लागणार, असा प्रश्न कोणीं केला तर तो ऐकणारास क्षुल्लक वाटेल. घरांतील पंखा, इस्त्री व पाण्याचा पंप ह्यांच्या विजेचें बिल दरमहा भरणाऱ्या पालकांस तर तो हास्यास्पदही वाटण्याचा संभव आहे. परंतु गेलें वर्षभर आमच्या शास्त्रमंडळांतील मुलांनीं बिनतारी संदेशानें चालणाऱ्या एका विजेच्या होडीपायीं जी खटपट केली, तिच्या मुळाशीं हाच प्रश्न होता. आणि त्याचें उत्तर पुस्तकांत जितकें सांपडलें त्याहून अधिक हौदाच्या कांठावर सांपडलें. त्या खटपटीचा वृत्तांत ह्या वार्षिकांत यावा अशी मुलांची इच्छा आहे, व ती पुरी करण्यांत आम्हांसही आनंद आहे.

होडी म्हणजे बंदरांत मोठ्या जहाजांस ओढून धक्क्याशीं लावणाऱ्या टगबोटीची प्रतिकृति आहे. लांबी ७५ सेंटिमीटर. बॅटरी व शिशाचे तुकडे घालून ती पाण्यांत योग्य तेवढी बसविली म्हणजे वजन सुमारें साडेचार किलो भरतें. सांगाडा प्लायवुडचा, रंग मुलांच्या पसंतीचा, आणि त्याविषयीं आम्ही येथें मौन धरतों. आंत '५४०' ह्या आंकड्यानें बाजारांत ओळखली जाणारी, कार्बनच्या ब्रशांची साधी मोटार. तिला वीज पुरविण्यास निकेल-मेटल-हायड्राइड जातीचे सहा सेल; प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे एकंदर ७.२ व्होल्ट, क्षमता ३ अँपिअर-तास. मोटारीचा दांडा सरळ पंख्याच्या दांड्यास जोडलेला, आणि पंखा ३५ मिलिमीटर व्यासाचा, पितळी, तीन पात्यांचा.

अशा होडींत विजेचीं दोन निराळीं कामें चाललेलीं असतात. एक हुकूम ऐकण्याचें व दुसरें पाणी मागें लोटण्याचें. कित्येक मुलांची समजूत अशी दिसली कीं, हातांतील यंत्राची कळ पुढें दाबली म्हणजे त्या यंत्रांतूनच कांहीं जोर हवेंतून होडीपर्यंत जातो. तसें मुळींच होत नाहीं. हवेंतून जातो तो केवळ निरोप. होडींतील ग्राहक-यंत्र तो निरोप ऐकतें व त्यासाठीं एका अँपिअरचे कांहीं शतांश एवढाच प्रवाह घेतें. मोटार मात्र त्याच्या शेंकडों पट घेते. सरदार हुकूम देतो म्हणून घोड्याचा चारा सरदाराच्या खिशांतून जात नाहीं. तो तबेल्यांतच ठेवावा लागतो. होडीचा तबेला म्हणजे तिच्या पोटांतील बॅटरी.

बिनतारी होडीचा इतिहास ज्या प्रयोगापासून सांगतात त्यांतही हेंच होतें. निकोला टेस्ला ह्या शोधकानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत्प्रदर्शनांत हौदांतील लोखंडी होडी दुरून चालवून दाखविली, आणि त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं त्यास तिचें पेटंट मिळालें. त्याचा क्रमांक ६१३८०९. त्या होडींतही बॅटरी व मोटार आंतच होत्या. त्याच्याही आधीं साठ वर्षें, म्हणजे १८३८ सालीं, मॉरिट्झ याकोबी ह्या शास्त्रज्ञानें सेंट पीटर्सबर्ग येथें नेव्हा नदीवर माणसें बसलेली होडी बॅटरीच्या बळावर चालविली होती. त्या बॅटरींत प्रवाह जितका जास्त ओढावा तितकें जस्त विरघळत जाई. म्हणजे होडी किती वीज ओढते, ह्या प्रश्नाचें उत्तर याकोबीस जस्ताच्या वजनांत द्यावें लागत होतें. आमच्या मुलांनीं तें पालकांच्या रुपयांत देण्याचें घाटलें होतें, तो प्रकार पुढें येईल.

तत्पूर्वीं पालकवर्गाकरितां एक खुलासा केला पाहिजे. ही होडी एका वेळीं २० अँपिअर प्रवाह घेत होती असें आम्ही सांगितलें म्हणजे गृहस्थ आम्हांकडे संशयानें पाहतात. एक हजार वॅटची इस्त्री घरांत साडेचार अँपिअरदेखील घेत नाहीं, मग खेळणें वीस कसें घेईल? ह्यांतली मेख अशी कीं घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट आहे आणि होडीचा ७.२. अँपिअर व व्होल्ट ह्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. वीस गुणिले ७.२ म्हणजे १४४ वॅट. जुन्या पद्धतीच्या शंभर वॅटच्या दोन दिव्यांहूनही कमी. शक्ति थोडीच आहे. पण दाब कमी असल्यामुळें तेवढ्या शक्तीसाठीं प्रवाह पुष्कळ लागतो. आणि तारेस वॅट कळत नाहींत, तिला अँपिअर कळतात. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जूल ह्यांनीं १८४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून इस्त्रीच्या वायरीहून ह्या खेळण्याची वायर जाड असावी लागते. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाहीं.

होडी प्रथम ऑक्टोबरांत शाळेच्या आवारामागील जुन्या दगडी हौदांत सोडण्यांत आली. हौदाची लांबी वीस मीटर. होडी ठीक चालली. पण ठीक चालण्यानें मुलांचें समाधान होतें असें ज्यास वाटत असेल त्यानें मुलांस कधीं शिकविलें नसावें. त्यांना वेग पाहिजे होता. पंखा मोठा केला म्हणजे तो अधिक पाणी लोटील, अधिक पाणी लोटलें म्हणजे होडी अधिक धांवेल, असा सरळ हिशेब करून त्यांनीं ३५ मिलिमीटरचा पंखा काढून ४८ मिलिमीटरचा बसविला. होडी खरोखरच थोडी जलद धांवूं लागली आणि तिच्या नाकापुढें लाट उठूं लागली. असे दोनतीन आठवडे गेले. मोटार गरम होते अशी एक बारीकशी तक्रार कोणीतरी केली होती, ती आनंदाच्या भरांत कोणीं ऐकली नाहीं.

संक्रांतीनंतरचे ते दिवस. हौदांत कोठून तरी तुटलेल्या पतंगाचा नायलॉनचा मांजा पडला होता, तो पंख्याच्या दांड्याभोंवतीं गुंडाळला जाऊन पंखा जागच्या जागीं थांबला. होडी थांबली असें पाहतांच चालविणाऱ्या मुलानें कळ आणखी पुढें दाबली. त्याच्या मतें होडीस जोर कमी पडत होता. अर्ध्या मिनिटांत छपराच्या फटींतून धूर निघाला, आणि होडी कांठाला ओढून घेईपर्यंत मोटार कामांतून गेली होती. जळालेल्या रोगणाचा तो उग्र वास दुसऱ्या दिवशींही प्रयोगशाळेंत येत होता.

मंडळाची सभा भरली व तिनें एकमतानें ठरविलें कीं मोटार कमकुवत होती. तिच्या जागीं दुप्पट शक्तीची मोटार, तिला पेलणारें गतिनियंत्रक आणि लिथिअमची बॅटरी घ्यावी, व त्यासाठीं प्रत्येकानें घरून वर्गणी आणावी. रकमेचा आंकडा पाहून आम्ही विचारांत पडलों. आमच्या विद्यालयांतील सर्व घरें सारख्या ऐपतीचीं नाहींत. कित्येक मुलांनीं ती रक्कम न बोलतां आणली असती, आणि कित्येकांच्या घरीं ती आणण्यासाठीं काय मागें ठेवावें लागलें असतें तें त्यांनीं आम्हांस कधींही सांगितलें नसतें. शिवाय मोटार कमकुवत होती हें ठरलें कशावरून? ती जळाली एवढ्यावरून. आम्हीं वर्गणीची यादी आमच्या टेबलाच्या खणांत ठेवून दिली आणि होडी किती अँपिअर घेत होती तें आधीं सांगा, मग यादीचें पाहूं, असें सांगितलें. तें कोणासच सांगतां येईना.

मंडळांत इयत्ता नववीतील एक मितभाषी मुलगा आहे. त्याचे वडील बाजारपेठेच्या मागील गल्लींत जळालेल्या मोटारी पुन्हां गुंडाळून देण्याचें, म्हणजे रिवाइंडिंगचें काम करितात. शेतकऱ्यांचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, घरगुती मिक्सर, सर्व कांहीं त्यांच्याकडे येतें. वडील काय करितात असें विचारलें तर हा मुलगा 'दुकान आहे' एवढेंच सांगे. अशा गोष्टी शिक्षकाच्या कानांतून सुटत नाहींत, पण त्या बोलून दाखविण्यासारख्याही नसतात. त्यानें ती जळकी मोटार कोणास न सांगतां घरीं नेली. दोन दिवसांनीं शाळा सुटल्यावर त्याचे वडील स्वतः प्रयोगशाळेच्या दारांत उभे राहिले. हातांत वर्तमानपत्राची पुडी, आणि पुडींत उघडलेली मोटार. बोटांवर रोगणाचे पिवळे डाग. मुलगा त्यांच्या मागें, दाराच्या बाहेरच.

“सर, मोटार वाईट नव्हती,” ते म्हणाले. “जेवढं ओझं टाकलं तेवढं तिनं ओढलं. बैलावर जास्त भरलं तर बैल बसतो. मोटार बसत नाहीं, ती जळते.”

आम्हीं त्यांस बसण्यास सांगितलें व मुलाला आंत बोलावून उरलेल्या मंडळास हांक मारण्यास धाडलें. तिच्या गाभ्यावर तारेचीं तीन वेटोळीं होतीं. एक कोळशासारखें काळें झालें होतें, दोन तपकिरी. ह्या रंगांवरून त्या गृहस्थांनीं जो उलगडा केला तो एखाद्या निष्णात डॉक्टरास शोभला असता. मोटार फिरत असतां तिन्ही वेटोळ्यांवर पाळीपाळीनें सारखाच भार येतो. म्हणून जास्त भारानें तापली तर तिन्ही सारखींच करपतात. पण ती अडून उभी राहिली म्हणजे पाळी बदलत नाहीं. ब्रशांच्या मध्यें जें वेटोळें सांपडेल त्यावर सगळा दाब येतो, उरलेलीं दोन एकापुढें एक जोडलेलीं राहून तो दाब वांटून घेतात. त्यामुळें त्या एकांतून दुप्पट प्रवाह व म्हणून चौपट उष्णता. “हा कोळसा मांजानं केला,” ते म्हणाले. “पण हा तपकिरी रंग त्याच्या आधींचा आहे. मोटार आधींच भाजत होती. किती दिवस मोठा पंखा लावला होता?” मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं.

येथें थोडें शास्त्र सांगणें प्राप्त आहे, कारण ह्यावरच सर्व अवलंबून आहे. आमच्या मोटारीचा, ब्रशांसह, रोध सुमारें ०.१२ ओहम आहे. ओहमच्या नियमानें ७.२ व्होल्टास ०.१२ नें भागलें तर ६० अँपिअर येतात. मग मोकळी फिरणारी मोटार फक्त दोनच अँपिअर कां घेते? ह्याचें कारण असें कीं चुंबकाच्या क्षेत्रांत फिरणारी तार स्वतःच वीज उत्पन्न करूं लागते, आणि ती बॅटरीच्या उलट दिशेनें दाबते. मोटार जितकी जलद फिरेल तितका हा उलट दाब मोठा. बॅटरीचा दाब वजा हा उलट दाब, एवढ्या शिल्लक दाबानेंच प्रवाह वाहतो. मोकळी मोटार वाऱ्यासारखी फिरते, उलट दाब जवळजवळ बॅटरीइतका होतो, शिल्लक थोडी, प्रवाह थोडा. तिच्यावर काम टाकलें कीं ती किंचित् मंदावते, उलट दाब घटतो, शिल्लक वाढते, आणि कामास पुरेल इतका प्रवाह आपोआप आंत येतो. पूर्ण अडविली तर उलट दाब शून्य, आणि रोधाखेरीज प्रवाहास थोपविणारें कोणीच उरत नाहीं. बॅटरी व तारा ह्यांचाही कांहीं रोध असल्यामुळें प्रत्यक्षांत साठाहून कमी भरेल, तथापि मोटार जाळण्यास तेवढें पुरेसें आहे. अडलेल्या होडीची कळ पुढें दाबणें म्हणजे काय, हें त्या मुलास आतां चांगलें समजलें आहे.

सारांश, मोटारीवर छापलेल्या आंकड्यावरून ती किती प्रवाह घेईल हें कळत नाहीं. बॅटरीवरूनही कळत नाहीं. तें ठरवितो पंखा, आणि पंख्यापुढचें पाणी. तेव्हां मोजावयाचें तर पाण्यांत, असें ठरलें.

मोजण्याची अडचण अशी कीं आमच्या प्रयोगशाळेंतील प्रवाहमापक ३ अँपिअरपर्यंतचे आहेत. वीस अँपिअर त्यांतून सोडणें म्हणजे त्यांचा अंत्यविधि करणें. त्यावर मुलांनीं जी युक्ति योजिली ती आम्हांस फार आवडली. कॉन्स्टंटन ह्या मिश्र धातूच्या जाड तारेचा एक लहान तुकडा घेऊन त्यांतून त्यांनीं नेमका दोन अँपिअर प्रवाह सोडला, हें मोजण्यास जुना मापक समर्थ होता. मग तारेच्या दोन बिंदूंमधील दाब २० मिलिव्होल्ट येईपर्यंत टोंकें सरकवीत नेलीं, व तेथें खुणा करून डाग दिला. झाला एक शतांश ओहमचा तुकडा. तो बॅटरी व गतिनियंत्रक ह्यांच्यामध्यें जोडला कीं साध्या मल्टिमीटरवर जितके मिलिव्होल्ट दिसतील त्यांस दहानें भागावें, तितके अँपिअर. कॉन्स्टंटन घेण्याचें कारण हें कीं तापल्यानें त्याचा रोध फारसा बदलत नाहीं. तांब्याची तार घेतली असती तर तिनें फसविलें असतें.

पूर्वीच्याच जातीची नवी मोटार आणली, होडीचें शेपूट दोरीनें हौदाच्या कड्यास बांधलें, आणि पूर्ण कळ दाबून वाचन घेतलें. पंखा नसतां २० मिलिव्होल्ट, म्हणजे २ अँपिअर. ३५ मिलिमीटरचा पंखा लावून ८० मिलिव्होल्ट, म्हणजे ८ अँपिअर. ४८ मिलिमीटरचा लावला तेव्हां आंकडा २०० च्या आसपास जाऊन नाचूं लागला, आणि मुलांनीं तो दोनदां खोटा ठरविला. तिसऱ्यांदां मानला. वीस अँपिअर! पंखा तर दीडपटही झाला नव्हता, १.३७ पट झाला होता. मग प्रवाह अडीच पट कसा?

ह्याचें उत्तर पंख्याच्या गणितांत आहे. फेऱ्या तितक्याच ठेवून पंख्याचा व्यास वाढविला तर त्याला फिरविण्यास लागणारा पीळ व्यासाच्या पांचव्या घातानें वाढतो. १.३७ चा पांचवा घात करून पाहावा, तो पांचाच्या जवळ जातो. मोकळ्या फिरण्याचे दोन अँपिअर वजा केले तर लहान पंख्यास सहा अँपिअर खरे कामाचे लागत होते. त्यांच्या जवळजवळ पांचपट म्हणजे प्रवाह तीस अँपिअरच्या घरांत गेला असता. मोटार मंदावली म्हणून तो वीसवर थांबला. आणि उष्णता? आठाचा वर्ग ६४, विसाचा ४००. सहापटींहून अधिक. तपकिरी रंगाचा उगम येथें सांपडला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणें नोंदविली पाहिजे. बांधलेल्या होडीचा आंकडा धांवत्या होडीपेक्षां मोठा येतो. होडी पुढें जाऊं लागली म्हणजे पाणी आपण होऊन पंख्याकडे येतें आणि त्याचें ओझें कांहींसें हलकें होतें. तरीही मुलांनीं बांधलेल्या होडीचाच आंकडा धरावा असा आमचा आग्रह राहिला, कारण टगबोटीचें कामच मुळीं अडून ओढण्याचें.

आतां वेगाकडे पाहूं. लहान पंख्यानें वीस मीटर जाण्यास १६ सेकंद लागत, मोठ्यानें १४. अडीच पट प्रवाह देऊन दोन सेकंदांची कमाई! हा सौदा इतका वाईट कां ठरला, हें समजण्यास १८७२ सालीं विल्यम फ्रूड ह्या इंग्रज स्थापत्यज्ञानें टॉर्की येथें बांधलेल्या हौदाची आठवण करावी लागते. त्या लांबट हौदांत तो जहाजांच्या लहान प्रतिकृति ओढून त्यांना लागणारा जोर मोजीत असे. मोठें जहाज बांधण्यापूर्वीं त्याची प्रतिकृति हौदांत ओढून पाहण्याची रीति तेथूनच रूढ झाली. चालती होडी आपल्याबरोबर लाट घेऊन जाते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीइतकी झाली म्हणजे होडी आपणच केलेल्या लाटेच्या खळग्यांत सांपडते, आणि पुढें जाण्यास तिला जणुं चढ चढावा लागतो. पाऊण मीटर लांबीच्या होडीस ही वेळ सेकंदास सुमारें १.०८ मीटर ह्या वेगाला येते. आमची होडी लहान पंख्यानेंच सेकंदास सव्वा मीटर जात होती. म्हणजे ती आधींच चढावर होती. मोठ्या पंख्याची पुष्कळशी मेहनत लाटा उठविण्यांत गेली. हौदाच्या भिंती मात्र चांगल्या धुतल्या गेल्या.

फ्रूडनें आणखी एक नियम घालून दिला आहे. प्रतिकृति जहाजाच्या छत्तिसाव्या हिश्श्याची असेल तर तिचा वेग छत्तिसाच्या वर्गमुळानें, म्हणजे सहानें, कमी असावा; तरच तिच्या लाटा खऱ्या जहाजाच्या लाटांसारख्या दिसतात. आमची होडी सत्तावीस मीटरच्या टगबोटीचा छत्तिसावा हिस्सा आहे. अशी टगबोट बारा नॉट, म्हणजे ताशीं बावीस किलोमीटर गेली तर पुष्कळ. त्या हिशेबानें आमच्या होडीनें सेकंदास एक मीटर जावें, माणूस रमतगमत चालतो त्याहून थोडें कमी. मुलांस हें ऐकून वाईट वाटलें.

पुढची सूचना पुन्हां रिवाइंडिंगवाल्या गृहस्थांचीच. गिरणींत मोटारीची पुली लहान असते व जात्याची मोठी. मोटार आपल्या आवडीच्या वेगानें पळते आणि जातें आपल्या वेगानें फिरतें. होडींत तसें कां करूं नये? एका मोडक्या छपाईयंत्रांतून दांतेरी पट्टा व दोन चाकें मिळालीं, एक सोळा दांतांचें, एक चाळीस दांतांचें. मोटारीच्या अडीच फेऱ्यांस पंख्याची एक फेरी. तोच ४८ मिलिमीटरचा पंखा, तीच मोटार, तीच बॅटरी. होडी बांधून वाचन घेतलें. मल्टिमीटरवर ४२ मिलिव्होल्ट.

चार अँपिअर आणि वर थोडें! वीस मीटरांस १८ सेकंद लागले. बॅटरीची क्षमता ३ अँपिअर-तास असल्यामुळें वीस अँपिअरच्या हिशेबानें ती नऊ मिनिटें पुरती, आठाच्या हिशेबानें बावीस, आणि आतां चाळिसांहून अधिक. चार सेकंद गमावून अर्धा तास मिळविला. मुलांत ह्यावर दोन तट पडले, व ते अद्यापि आहेत. चौदा सेकंदांचा पक्ष अल्पसंख्य असला तरी आवाजानें मोठा आहे. आमचें मत मागण्यांत आलें तेव्हां आम्हीं सांगितलें कीं, शर्यतीची होडी करावयाची असेल तर तिचा आकारच निराळा, पाण्यावरून घसरत जाणारा पाहिजे. टगबोटीच्या पोटांत शर्यत भरूं नये.

बॅटरीच्या धन टोंकापाशीं, तार सुरू होते तेथेंच, आतां मोटारगाडींत असतो तसा साडेसात अँपिअरचा फ्यूज बसविला आहे. चार अँपिअरनें तो वितळत नाहीं. मांजा पुन्हां अडकला तर मोटारीच्या आधीं तो जाईल. मुद्दाम पंखा धरून एकदां पाहिलें. डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं फ्यूज गेला, आणि मोटारीस हात लावला तर ती कोमट देखील नव्हती. फ्यूजची किंमत एक पेन्सिल घेण्याइतकी.

लिथिअमच्या बॅटरीविषयीं पालकांस दोन शब्द सांगणें आम्हांस अवश्य वाटतें, कारण बाजारांत आतां त्याच मिळतात आणि मुलें त्याच मागतात. ती हलकी असते व प्रवाह सढळ हातानें देते, हें खरें. पण तोच तिचा धोका आहे. शॉर्ट झाल्यास ती शेंकडों अँपिअर देऊं शकते, आणि बिघडल्यास पेट घेते. तिचा सेल ४.२ व्होल्टच्या वर भरूं नये व ३ व्होल्टच्या खालीं उतरूं देऊं नये. तिच्याचसाठीं केलेल्या चार्जरवरच ती भरावी, आणि भरीत असतां तिला एकटी सोडून झोपीं जाऊं नये किंवा बाहेर जाऊं नये. फुगलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये. पाण्यांत बुडालेल्या होडींतून ती काढली असेल तर ती घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. आमची निकेलची जुनी बॅटरी जड आहे. पण टगबोटींत वजन घालावेंच लागतें. शिशाचे दोन तुकडे कमी केले कीं झालें.

वर्गणीची ती यादी आमच्या खणांतच राहिली. खर्च झाला तो एका लहान मोटारीचा आणि मूठभर फ्यूजांचा. शनिवारीं शाळा सुटल्यावर पांचसहा मुलें आतां बाजारपेठेच्या मागील गल्लींत जातात व तार गुंडाळण्याचें काम पाहत बसतात. त्यांना नेणारा तोच नववीतला मुलगा असतो, आणि रस्त्यानें जातांना सर्वांत जास्त तोच बोलतो असें आमच्या कानीं आलें आहे. मंडळाच्या वहींतील अँपिअरचे आंकडे त्याच्याच हस्ताक्षरांत आहेत.

पुढील वर्षीं बिनब्रशाची मोटार बसवून पाहावी असा मंडळाचा विचार आहे. तिच्यांत ब्रश झिजत नाहींत, आणि तिचे तीन तारांचे प्रवाह गतिनियंत्रक पाळीपाळीनें सोडतें; तिचा प्रवाहही त्याच कॉन्स्टंटनच्या तुकड्यानें, बॅटरीच्या बाजूस, मोजतां येईल. कोणती मोटार घ्यावी हें विचारण्यास मुलें दुकानांत गेलीं होतीं. पंपाच्या मोटारींतील जळकी तार उपसतां उपसतां त्या गृहस्थांनीं मान वर न करितां एवढेंच विचारलें, “पंखा कितीचा लावणार आहांत?”